चौसष्टचे चार

ध्रुवताऱ्याच्या शेजारी मिशी उगवली होती.

चांगली पिळदार, दोन्ही टोकं वर वळलेली, पांढरीशुभ्र. जिथे 'ध्रुव' ही अक्षरं दिसायची तिथे ती आकाशाला चिकटून बसली होती. मी मान वर करून बघत होते. माझ्या शेजारी धुमाळकाका उभे होते, त्यांचीही मान वरच.

"काका, ती मिशी..."

"दिसली. भूमकर शेठची हाय."

भूमकर शेठ म्हणजे बार्शीतल्या या तारांगणाला सगळ्यात मोठी देणगी देणारे तेलगिरणीवाले. त्यांचा फोटो कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'स्वागतम्'सोबत पडद्यावर यायचा आणि मग निघून जायचा. पण शेठ पूर्ण गेलेच नव्हते. मिशी उत्तरेला राहिली होती, एक कान सप्तर्षींच्या खाली होता.

"आणि हे बघा," मी दक्षिणेकडे बोट दाखवलं. तिथे एकाखाली एक अशा सोळा ताऱ्यांची नावं होती. चित्रा, चित्रा, चित्रा, चित्रा. सोळाच्या सोळा चित्रा.

"एक चित्रा पुरे होती की," काका म्हणाले, पण हसले नाहीत.

सकाळचे दहा वाजले होते. चार वाजता उद्घाटन होतं. गावातल्या कन्याशाळेच्या दोनशे मुली, शेठ स्वतः, आणि आमचे साहेब पुण्याहून यायचे होते.

आमची कंपनी म्हणजे रेगेसाहेब धरून बारा माणसं. मोठ्या पडद्यांवर, घुमटांवर चित्रं दाखवायची यंत्रणा आम्ही बनवायचो. त्यातला ड्रायव्हर धुमाळकाकांचा. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुभाष्या. कुठलं चित्र कार्डाच्या मेमरीत कुठे ठेवायचं, हे तो सांगतो. हणमंत धुमाळ हे मूळचे फलटणचे टीव्ही मेकॅनिक. कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही. सगळं स्वतः, रात्रशाळेच्या इंग्रजीवर आणि जिद्दीवर शिकलेले. वय चौपन्न. मी कल्याणी केंजळे, वय तेवीस, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, नोकरीला लागून तीन महिने झालेली. आपल्याला बरंच काही येतं असा माझा त्या काळात पक्का समज होता.

मागच्याच आठवड्यात रेगेसाहेबांनी सगळ्यांसमोर काकांना सांगितलं होतं, "काका, बार्शी नीट पार पडू दे. नाही पडली तर ड्रायव्हरचं काम आपण बाहेरच्या लोकांना देऊ. तुम्ही दुरुस्ती विभागात बसा. डोक्याला त्रास नाही." काका "बरं" म्हणाले होते. पण त्या दिवशी ते डबा न खाताच परत घेऊन गेले, हे मी पाहिलं होतं.

"तू यात कुठं हात घातला नव्हतास ना?" मशीनसमोर बसता बसता काकांनी सहज विचारलं.

"मी... मी वरच्या बाजूचं काम केलं, काका. चित्रं लावायचं."

हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. कन्याशाळेच्या निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका थोरबोलेबाई या तारांगणाच्या मागे चौदा वर्षं लागल्या होत्या. त्यांचा एक हट्ट होता. आकाशातली नावं छापील अक्षरांत नकोत, शाळेतल्या मुलींच्या हस्ताक्षरात हवीत. अकराशे नावं! प्रत्येक नाव म्हणजे एक छोटंसं चित्र. आणि ती सगळी काही केल्या कार्डात मावेनात. रेगेसाहेब घाईला आले होते. काका भाचीच्या लग्नाला फलटणला गेले होते. मी त्यांच्या ड्रायव्हरच्या प्रोग्रामची फाइल उघडली आणि मला एक ओळ दिसली: कितीही छोटं चित्र असो, त्याला चौसष्ट किलोबाइटची अख्खी जागा द्यायची.

मला हसूच आलं. मेमरी पानापानांनी वाटलेली असते आणि पान चार किलोबाइटचं असतं, हे तर कॉलेजात पहिल्याच वर्षी घोकून घेतलेलं. चारमध्ये बसणाऱ्या नावाला चौसष्ट कशाला? मी चौसष्टचे चार केले. सगळं मावलं, वर जागा उरली. माझ्या टेबलावरच्या मशीनवर बघितलं, आकाश अगदी चोख दिसलं.

आता आमच्या ऑफिसची एक रीत होती. ज्याची ओळ, त्याची आद्याक्षरं ओळीच्या शेवटी. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा असेल तर त्याला सांगायचं, त्याची अक्षरं पुसायची आणि आपली टाकायची. कुणी कधी ही रीत मोडली नव्हती. मी मोडली. त्या ओळीच्या शेवटी 'ह. धु.' होतं, ते मी तसंच राहू दिलं. काका आले की सांगू म्हटलं. मग काका आले, आणि साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, "कल्याणीनं जागा काढली!" काकांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "कुठून काढलीस गं?" मी म्हणाले, "इथून तिथून." त्यानंतर सांगायचं राहूनच गेलं.

साडेअकराला काकांना ती ओळ सापडली. मी मागेच उभी होते.

"चार?" काका म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "इथं चार कसं?"

मी टेबलावरचे कागद नीट लावायला लागले.

"अन् अक्षरं माझी." ते स्क्रीनच्या इतके जवळ गेले की नाक टेकायचं राहिलं. "हे कवा केलं मी?"

त्यांच्या मनात दुसऱ्या कुणाचा विचारही आला नाही. आमच्याकडे कुणी दुसऱ्याची अक्षरं ठेवून ओळ बदलेल, ही गोष्ट त्यांच्या हिशेबातच नव्हती. त्यांनी चाराचे चौसष्ट केले आणि मशीन पुन्हा चालू केलं. मिशी गेली. कान गेला. चित्रा एकच उरली. पण अर्धं आकाश बिनानावाचं झालं. साडेपाचशेच्या पुढची नावं कार्डानं घेतलीच नाहीत.

"हां," काका हळूच म्हणाले. "म्हणजे नावं बसेनात म्हणून मीच चार केलं असणार. केलं असणार अन् विसरलो."

"काका, असं काही नाही..." मी म्हणाले. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. पण दारातून थोरबोलेबाई आत आल्या आणि मी ते गिळलं. खरं सांगायचं तर बाई आल्याचं मला बरंच वाटलं.

"काय वो, झालं का आमचं आकाश?" बाई सत्तरीच्या, हातात छत्री, आवाज अजून वर्गातला.

"दोन आकाशं तयार हायत, बाई," काका म्हणाले. "एकात शेठची मिशी हाय, एकात अर्ध्या पोरींची नावं नाहीत. कुठलं पायजे?"

"दोन्ही नकोत. माझ्या पोरी आपापलं अक्षर शोधणार आहेत वर. एकीचंही राहिलं तर रडारड होईल, सांगून ठेवते."

काका "बघतो" म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले. आवारात चिंचेचं झाड होतं, त्याच्याखाली जाऊन ते कुणाशी तरी बोलत राहिले. वीस मिनिटं झाली तरी आत येईनात. तेवढ्यात मी कार्डाबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं आणि भराभर पानं उलटली. माझ्या टेबलावरचं मशीन जुन्या कार्डाचं होतं, त्याचं पान चारचं. इथली कार्डं नवी, यांचं पान चौसष्टचं. चित्र पानाच्या मधूनच सुरू केलं तरी हे कार्ड आपलं पानाच्या डोक्यापासून वाचणार, आणि डोक्याशी जे असेल ते दाखवणार. कधी चित्रा, कधी मिशी. छत्तिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते पुस्तक आधी उघडलंही नव्हतं.

काका परत आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते. मला वाटलं, नोकरीची काळजी.

एक वाजता रेगेसाहेब आले. प्रवासानं वैतागलेले, त्यात दारातच थोरबोलेबाईंनी त्यांना मिशीची हकीगत ऐकवली. तरातरा मशीनपाशी आले.

"चार कोणी केलं होतं?"

"मीच, साहेब," काका उभे राहिले. "अक्षरं माझीच हायत."

"अहो पण का? हे चौसष्ट तुम्हीच बसवलं होतंत ना? काय कारण होतं त्याचं?"

"कारण मला तवाही ठाऊक नव्हतं, साहेब. खोटं कशाला बोलू. नवी कार्डं आली तवा चित्र हलायचं. चार करून बघितलं, आठ केलं, सोळा, बत्तीस. चौसष्टला चित्र उभं राहिलं, म्हणून चौसष्ट."

"आणि मग परत चार का केलंत?"

काका वाकून पुन्हा ती ओळ वाचायला लागले.

"काका, मी विचारतोय काहीतरी."

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही, साहेब. सकाळधरनं डोकं खाजवतोय. कवा बसलो, का केलं, काहीच येत नाही ध्यानात." "ते दुरुस्ती विभागाचं म्हणत होता ना, ते आजच करून टाका. हे माझ्या हातात नको आता. उद्या आणिक काहीतरी बदलून बसेन, अन् मलाच पत्ता नसायचा."

साहेबांनी हातातली बॅग खाली ठेवली. वीस वर्षांत काका स्वतःहून एक पाऊल मागे सरले नव्हते, हे त्यांनाही जाणवलं असावं. मी काकांच्या हाताकडे बघत होते. तो हात टेबलाची कड घट्ट धरून होता. इतका वेळ मी मनाशी म्हणत होते की काकांना दोन शब्द ऐकावे लागतील आणि विषय मिटेल, जुना माणूस आहे, साहेब काय करणार त्यांना. माझी मात्र नोकरी कच्ची, मला काढून टाकतील. त्या हाताकडे बघून मला माझी शरम वाटली.

"सर, चार मी केलं."

दोघंही माझ्याकडे वळले.

"तू?" काका म्हणाले.

"हो."

"तू केलंस?"

"हो, काका."

"नक्की?"

"नक्की. पंधरा दिवसांपूर्वी, गुरुवारी. तुम्ही लग्नाला गेला होता."

"मग माझी अक्षरं?"

"तशीच ठेवली. सांगणार होते, पण... सांगितलं नाही. सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हासुद्धा."

काका मटकन खुर्चीत बसले. रेगेसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "तीनच महिने झालेत तुला येऊन! दुसऱ्याच्या सहीखाली..." असं म्हणून त्यांनी जी सुरुवात केली ती चांगली दोन मिनिटं चालली. त्यातला शब्द न् शब्द मला लागू होता. मी मान खाली घालून उभी होते. आता काका काय बोलतील, याची मला जास्त भीती होती.

काका म्हणाले, "साहेब, ओरडायचं राहिलेलं नंतर ओरडा. दीड वाजला. कुणीतरी च्या सांगा, अन् वडापाव सांगा. मला लई भूक लागलीय."

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. माणूस एकदम दहा वर्षांनी तरुण झाला होता. खुर्ची पुढे ओढली, बाह्या सरसावल्या, शीळ घातली. शीळ! मला वाटलं, रागानं होतं असं काही जणांचं.

"हं, डिस्टिंक्शन. सांग आता. चौसष्ट का लागतं?"

मी पुस्तक उघडून छत्तिसावं पान दाखवलं. काकांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.

"असं हाय होय! पानाच्या डोक्यापासनंच वाचतंय बेणं. चार वर्षं झाली, मला हे कुणी सांगितलं नव्हतं." त्यांना खरोखर आनंद झाला होता. "मग आता? पान चौसष्टचंच ठेवायचं. अकराशे नावांना अकराशे पानं कुठनं आणायची?"

मागच्या बाकावर थोरबोलेबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "एका पानावर एकच शब्द लिहायचा, ही कुठली उधळपट्टी? मी तुम्हाला कागद दिले होते त्यांवर चाळीस-चाळीस नावं होती. रांगेनं, समास सोडून. ते कापलेत कशाला?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

खरंच, कापले कशाला? मुलींनी लिहिलेले अठ्ठावीस कागद आम्ही स्कॅन केले होते, आणि मीच तीन दिवस खपून त्यांतलं एकेक नाव वेगळं कापलं होतं. मूळचे कागद डिस्कवर तसेच पडून होते.

"अख्खा कागद एक चित्र म्हणून ठेवायचा," मी म्हणाले. "पानाच्या डोक्यापासून. आणि दाखवताना सांगायचं, या कागदावरचं तिसऱ्या रांगेतलं पाचवं नाव उचल."

"अठ्ठावीसच चित्रं! अकराशे नव्हं!" काकांनी मांडीवर थाप मारली. "बाई, तुम्ही आमच्यात यायला पायजे होतं."

"मला पोरी सांभाळायच्या आहेत," बाई म्हणाल्या आणि छत्री घेऊन पाहुण्यांची व्यवस्था बघायला गेल्या.

आम्ही कामाला लागलो. कुठलं नाव कुठल्या कागदावर, कितव्या रांगेत, याची यादी मी करत गेले, आणि काका ड्रायव्हरच्या बाजूनं जागा बांधत गेले. रेगेसाहेब चहा ओतत होते. मध्येच काकांनी माझी एक चूक पकडली, मध्येच मी त्यांची. तीन वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचं नाव बसलं.

चारला दिवे मालवले. शेठचा फोटो आला, टाळ्या झाल्या, फोटो गेला आणि पूर्ण गेला. मग घुमट काळा झाला आणि तारे आले. पोरी आधी अगदी चिडीचूप होत्या. मग पहिलं नाव उमटलं, दुसरं उमटलं, आणि एक किंकाळी आली, "बाई, माझी अनुराधा!" त्याच्यानंतर कुणाला आवरणं शक्यच नव्हतं. "ती बघ, माझा अगस्ती!" "माझी वेलांटीवाली रेवती!" थोरबोलेबाई "शांत बसा गं" म्हणत होत्या, आणि त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

कार्यक्रम संपल्यावर साहेब मला एवढंच म्हणाले, "सोमवारी केबिनमध्ये ये." मग काकांकडे वळले. "आणि काका, ड्रायव्हर कुठे जात नाही. तुमच्याकडेच राहील." काका "बरं" म्हणाले. या वेळचं 'बरं' फार वेगळं होतं.

आवरायला आम्ही दोघंच उरलो. काका शिडीवर चढून प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते, मी खाली शिडी धरून होते. आता माफी मागायची, असं ठरवून मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात टेबलावर त्यांचा फोन वाजला.

"उचल गं. आमची ही असंल. स्पीकरवर टाक, माझे हात गुंतलेत."

मी टाकला.

"अहो, मिळाली एकदाची वेळ," काकू घाईघाईनं बोलायला लागल्या. "सोमवारी साडेनऊ. मामंजींना दाखवायचो तेच मेंदूचे डॉक्टर. नंबर लवकर मिळत नव्हता, हातापाया पडून घेतलाय. आता घाबरायचं नाही. मामंजींचं आपल्याला उशिरा कळलं, ते माणसं ओळखेनासे झाल्यावर. तुमचं आपण आत्ताच दाखवतोय. दुपारी रडत होता तसं रडू नका हो, माझ्या काळजाचं पाणी झालं. पोरांना मी काही सांगितलेलं नाही."

माझा हात शिडीवरून सुटला.

"रद्द कर!" काका वरून इतक्या मोठ्यानं ओरडले की रिकाम्या घुमटात ते दोनदा ऐकू आलं. "अगं, रद्द कर! मला काही झालेलं नाही! मी केलंच नव्हतं ते! या पोरीनं केलं होतं!"

माझी चूक इतक्या आनंदानं जगात दुसऱ्या कुणी सांगितली नसेल.

"कुठली पोरगी?" काकूंचा आवाज बारीक झाला. "माझी समजूत काढता व्हय?"

"बोल की गं," काका मला म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. "तू सांग. माझ्यावर भरवसा बसायचा नाही तिचा."

मी फोन तोंडापाशी नेला.

"काकू, मी कल्याणी. काकांच्या ऑफिसातली. ती ओळ मी बदलली होती. त्यांना न सांगता. ते काही विसरलेले नाहीत."

पलीकडे काकू रडायला लागल्या आणि रडता रडताच म्हणाल्या, "देव तुझं कल्याण करो गं बाई. केवढे उपकार केलेस आमच्यावर."

त्या आणखीही बरंच काही म्हणत होत्या. एकदा घरी जेवायला ये, असंही म्हणाल्या. मी दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत राहिले, आणि सकाळपासून मी गप्प बसले होते, हे काही मला त्यांना सांगता आलं नाही.